आंबेच तर होते

मे महिन्याची चौदा तारीख, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. मी पडवीत बसून पहिला चहा घेत होतो, माझी सून शैला आत घावणे काढत होती, आणि माझ्या नातीचा, वृंदाचा, फोन वाजला. तिने तो उभ्यानेच घेतला. आधी "हो मॅडम" म्हणाली, मग "पण मॅडम" म्हणाली. फोन बंद करून ती खोलीत गेली आणि आदल्या रात्री भरून ठेवलेली खेळाची बॅग तिने जमिनीवर उलटी केली. पॅड, बूट, पाण्याची बाटली, सगळे घरंगळत पडवीपर्यंत आले. शैला हातात उलथणे घेऊनच बाहेर आली. "काय गो, काय झालं?" वृंदा म्हणाली, "आज येऊ नको म्हणून सांगितलंय. चौकशी आहे माझी. आपल्या घरातून संघाच्या कोचना लाच दिली गेल्ये म्हणे." तव्यावरचा घावणा करपला. तो उतरवण्याचे भान कोणालाही राहिले नाही.

माझे स्वतःचे बालपण मी मागच्या प्रकरणांत लिहून संपवले आहे. हे प्रकरण माझ्या वाढण्याचे नाही. या घरात माझ्या डोळ्यांदेखत जी वाढली, तिचे आहे. आणि ते रागाने लिहिले गेले आहे, हे वाचकाने आरंभीच जाणून घ्यावे. दोन वर्षे मी राग ओसरण्याची वाट पाहिली. तो ओसरत नाही असे दिसल्यावर लिहायला बसलो.

भात कापून झाले की आमच्याकडे अंगणात खळे करतात. माती ओली करून चोपण्याने बडवायची, सपाट करायची आणि शेणाने सारवायची. झोडणी झाली की पुढे उन्हाळाभर ते खळे मुलांचे. वृंदा सहा-सात वर्षांची असल्यापासून त्या खळ्यावर रबरी चेंडू टाकत असे. सारवलेल्या जमिनीवर चेंडू फारसा उसळत नाही आणि वळतही नाही. तो खाली राहतो आणि घसरतो. फलंदाजाला फसवायचे असेल तर ते चेंडू जमिनीला लागण्याच्या आधीच, हवेत उरकावे लागते. हे तिला कोणी शिकवले नाही. समोर खेळायला कोणी नसे तेव्हा ती जांभ्याच्या भिंतीवर चेंडू टाकत राही, आणि तेही दुपारी, घर जेवून आडवे झाल्यावर. कुळथाची पिठी आणि भात पोटात गेल्यावर माणसाला जी झोप येते तिच्यात तो ठप्प ठप्प आवाज खिळ्यासारखा शिरत असे. मी अनेकदा उठून ओरडलो. तिने भिंत बदलली. खेळ सोडला नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर ती तालुक्यातालुक्यांच्या स्पर्धांत खेळू लागली. पहाटे निघे, संध्याकाळी तांबड्या धुळीने माखून परते, आणि हरली की जिंकली हे आम्हाला तिच्या जेवण्यावरून कळे. हरलेल्या दिवशी ती जास्त जेवत असे.

त्या उन्हाळ्यात फ्रँचायझी रत्नागिरीत आली. वीस षटकांचे सामने खेळणारा हा संघ. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ते उच्चारण्यापूर्वी एका सिमेंटचे नाव घ्यावे लागते आणि मी सिमेंटची जाहिरात करीत नाही. त्यांचे पुरुषांचे आणि स्त्रियांचे असे दोन संघ. शहरात खांबाखांबावर एक पुरुष आणि एक स्त्री खेळाडू पाठीला पाठ लावून उभे असलेले चित्र लागले होते आणि खाली लिहिले होते, "जर्सी एक, मान एक". पुरुष संघाचे शिबिर चालू होते आणि त्याच मुक्कामात महिला संघासाठी दोन दिवसांची निवड चाचणी ठेवलेली होती. पुरुषांना मैदान सकाळी मिळे, वारा असतो तोवर. मुलींना बारानंतर. कोकणातल्या मे महिन्यात बारानंतर आमचे गडी झाडाखालून उठत नाहीत. मान एक असेलही. ऊन मात्र दोन होते.

पहिल्या दिवशी वृंदा चाचणीत टिकली आणि दुसऱ्या दिवसासाठी तिचे नाव पुकारले गेले. दुसऱ्या दिवशी जी टिकेल तिला मुंबईच्या शिबिरात जागा, आणि तिथून संघात जाण्याची वाट. तिच्या आयुष्यात याहून मोठे काही तोवर घडलेले नव्हते. तो दुसरा दिवस म्हणजे ही चौदा तारीख.

"लाच कोणी दिली?" मी विचारले.

माझा मुलगा दिलीप पडवीच्या दुसऱ्या टोकाला पेट्यांमध्ये गवत घालत बसला होता. आमची आंब्याची बाग आता तोच पाहतो. त्याचे हात थांबले.

"दिलीप."

"लाच कसली, अण्णा," तो मान वर न करता म्हणाला. "काल संध्याकाळी कोचबाई गाडीत बसत होत्या. मी एक पेटी डिकीत ठेवली. पहिल्या प्रतीची. म्हटलं, बाहेरगावच्या बाई आहेत, आपल्या गावात आल्यात, रिकाम्या हाताने जातील."

"पोरीची परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंच्या गाडीत?"

"परीक्षा कसली? आंबे ते. मी पोस्टमनला देतो, डॉक्टरांना देतो, बँकेतल्या साहेबांना देतो. लाईटबिल वाटणाऱ्याला चार देतो. मे महिन्यात कोणाच्या दारात हात हलवत जायचं काय?"

"बाबा!" वृंदा आतून किंचाळली. "तुम्ही पेटीवर माझं नाव लिहिलंत?"

"मग कोणाचं लिहू? त्यांना कळायला नको कोणाकडचे आंबे ते?"

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी जिल्हा न्यायालयात नाझर होतो. समन्स बजावणे, जप्ती, ताबे देणे ही कामे माझ्या हाताखालून जात. मे महिना आला की ज्यांची कामे अडलेली असत ती माणसे पेट्या घेऊन माझ्या फाटकाशी येत, आणि मी त्या फाटकावरूनच परत पाठवीत असे. स्वतःची बाग असलेल्या माणसाला कोणी आंबे का द्यावेत, हा प्रश्न विचारला की देणारा निमूट जात असे. दिलीपने लहानपणी हे शेकडो वेळा पाहिले होते. मी त्याला त्या सकाळी तेच सुनावले.

"पाहिलंय ना," तो आता उभा राहिला. "म्हणूनच देतो. शाळेत मला पोरं काय म्हणायची ठाऊक आहे? नाझराकडे आंबा गेला तर कोयसुद्धा परत येते. ना घेणारं ना देणारं, आपलं घर कंजूष म्हणून नाव झालंय, अण्णा. ते पुसायला मला वीस वर्षं आंबे वाटावे लागले."

मी त्याला मूर्ख म्हणालो. आणखीही काही म्हणालो. ते लिहिण्याजोगे नाही. शैला मध्ये पडली. "आता भांडून काय ते? पोर तिकडे भिंतीला डोकं लावून बसल्ये. कोणीतरी जाऊन सांगा त्यांना." मी सदरा घातला. दिलीपने टेम्पो काढला. वृंदाने सगळे सामान पुन्हा बॅगेत कोंबले आणि ती मागच्या हौद्यात रिकाम्या पेट्यांमध्ये जाऊन बसली. "मी येत्ये," ती म्हणाली. "पण अण्णा, तुम्ही कोर्टात बोलल्यासारखं बोलू नका." मी वचन दिले नाही.

हॉटेल किनाऱ्याजवळ होते. काचेच्या दारातून आत शिरताच समोर भोजनकक्ष दिसत होता. पुरुष संघाची न्याहारी चाललेली होती. लांब टेबलावर अंडी, पाव, फळांचे रस, आणि मध्यभागी दोन मोठ्या थाळ्यांत आंबे. एका थाळीत फोडी, दुसऱ्यात अख्खे. तो आंबा कोणत्या बागेतला हे ओळखण्याइतके माझे डोळे शाबूत आहेत असा दावा मी करीत नाही. गरजही नव्हती. टेबलाखाली आमची पेटी पडली होती आणि तिच्या फळीवर दिलीपच्या अक्षरात वृंदाचे नाव होते.

फ्रँचायझीत सचोटी अधिकारी नावाचे पद असते, हे मला त्या दिवशी कळले. त्या पदावर नायर नावाच्या बाई होत्या. तिशीच्या, नीटनेटक्या, मुंबईचे मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, पाणी मागवले. मी पाणी घेतले नाही.

"सर, मला तुमच्या भावना समजतात," त्या म्हणाल्या. "पण नियम म्हणजे नियम. निवडीच्या काळात खेळाडूकडून कोणतीही भेटवस्तू चालत नाही. कोच मॅडमनी ती घेतली नाही, लगेच माझ्याकडे रिपोर्ट केली. त्यांनी बरोबरच केलं. आता चौकशी पूर्ण होईपर्यंत आम्ही वृंदाला खेळवू शकत नाही."

"चौकशी कधी पूर्ण होईल?"

"दोन-तीन आठवडे."

"चाचणी आज संपते."

"हो सर. आय ॲम सॉरी."

"नियम योग्य आहे," मी म्हणालो. त्या चकित झाल्या. दिलीप माझ्याकडे पाहू लागला. "मी तो जन्मभर पाळला आहे. आता मला सांगा, पेटी देणारा कोण?"

"वृंदाचे वडील."

"वृंदा नव्हे."

"नाव तिचं आहे, सर."

"असो. प्रशिक्षिकांनी घेतली नाही. मग ती परत आमच्या घरी का आली नाही?"

"ती टीम मॅनेजरकडे जमा केली आहे. सेफ कस्टडीत."

"मुद्देमाल मला पाहायचा आहे."

बाईंनी फोन लावला. पुरुष संघाचे व्यवस्थापक मेहरा हे भोजनकक्षातूनच बाहेर आले. गळ्यात पट्टा, हातात काटा-चमचा. मुंबईत वाढलेला माणूस; मराठी अस्खलित. नायरबाईंनी पेटी कुठे आहे असे विचारले तेव्हा त्यांनी आधी भोजनकक्षाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मग ते हसले. ते हसणे मी विसरलेलो नाही.

"अरे मॅडम, रात्री मुलांना भूक लागली होती. खराब झाले असते. काका, एकदम फर्स्ट क्लास होते हां, थँक यू!"

"तुम्ही ते खाल्लेत," मी म्हणालो.

"अहो काका, टेन्शन कशाला? आंबेच तर होते."

"आंबेच होते, तर माझ्या नातीला घरी का बसवलेत?"

मेहरांचे हसणे जागच्या जागी राहिले, पण त्यातला अर्थ निघून गेला. मी थांबलो नाही. इतकी वर्षे न्यायालयात मी वकिलांचे ऐकले होते. बोलण्याची पाळी माझ्यावर क्वचित येई. त्या दिवशी आली. मी म्हणालो, ज्या वस्तूला तुम्ही लाच म्हणता ती तुमच्या ताब्यात असताना तुमच्याच संघाने खाऊन टाकली. देणाऱ्याच्या मुलीची चौकशी आणि खाणाऱ्यांची न्याहारी, हा कुठला न्याय? जी मुलगी त्या पेटीजवळ गेलीही नाही तिला उन्हातसुद्धा उभी राहू देत नाही, आणि ज्यांच्या तोंडाला अजून रस लागलेला आहे त्यांना सकाळच्या वाऱ्याला मैदान देता. नियम असेल तर तो त्या थाळीपर्यंत पोहोचू द्या. त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाची चौकशी लावा आणि दोन-तीन आठवडे त्यांनाही घरी बसवा. त्याच वेळी खांबावरच्या चित्रातला तो प्रसिद्ध फलंदाज बर्फाचा खडा ओठांना लावीत दारात आला. त्याच्या तोंडाचा कोपरा सुजून लाल झाला होता. देठाचा चीक न पुसता आंबा तोंडाला लावला की असे होते; आमच्याकडे चार वर्षांचे मूलही ही चूक करत नाही. "मॅनेजर साब, डॉक्टर को बुलाओ ना," तो म्हणाला. दिलीपला, त्या प्रसंगीसुद्धा, हसू फुटले. "खोबरेल लावा म्हणावं," तो पुटपुटला.

हे मी नायरबाईंच्या बाजूने नमूद करतो: त्यांनी मेहरांना सावरून घेतले नाही. शेवटी त्यांनी प्रशिक्षिका परांजपे यांना बोलावले, दोघी बाजूला जाऊन बोलल्या आणि परत आल्या.

"वृंदा आज खेळू शकेल," नायरबाई म्हणाल्या. "भेट तिने दिलेली नाही, असं मी लिहीन. आंबे कोणी खाल्ले तेही लिहीन. पण प्रकरण नोंदवलं गेलंय, सर. ते रेकॉर्डवरून काढता येणार नाही. तिच्या नावापुढे राहील."

"मेहरांच्या नावापुढे काय राहील?"

"तो वेगळा विषय आहे."

"तो वेगळा विषय नाही. शेरा काढा, नाहीतर दोघांच्या नावापुढे सारखा लिहा. त्याशिवाय आम्ही येथून उठणार नाही."

"अण्णा, पुरे," वृंदा म्हणाली.

ती आतापर्यंत दाराजवळ बॅगेवर बसून होती. उठून माझ्यासमोर आली. "राहू दे तो शेरा. मला बारा वाजता बॉलिंग टाकायच्ये."

"खोटा आरोप अंगावर घेऊन?"

"हो. अंगावर घेऊन टाकीन. तुम्हाला केस जिंकायच्ये, अण्णा. मला खेळायचंय." मग ती नायरबाईंकडे वळली. "मॅडम, मी वॉर्मअपला कुठे जाऊ?"

मी तिच्या बाजूने बोलत होतो आणि तिने मला बोलण्याच्या मध्यात थांबवले. सगळ्यांसमक्ष. मला राग आला, आणि तो मेहरांवरच्या रागापेक्षा निराळा होता. त्याला कुठे ठेवावे हे मला कळेना. न्याय अर्धा मिळाला तर तो घेऊ नये, अशी माझी समजूत होती आणि आहे. अर्धा न्याय घेणाऱ्याला पुढे उरलेला कोणी देत नाही. आज दोन वर्षांनीही तो शेरा कुठल्यातरी संगणकात आहे आणि मेहरा, माझ्या माहितीप्रमाणे, बढती मिळून मोठ्या हुद्द्यावर आहेत. तेव्हा माझे चुकले होते असे मी लिहिणार नाही. तिचे चुकले होते असेही मला लिहिता येत नाही. चाचणी त्या दिवशीच होती. न्यायासाठी थांबायला तिच्याकडे दिवस नव्हता, आणि हे तिला माझ्याआधी कळले होते.

दुपारी मी मैदानाच्या कठड्याशी उभा राहिलो. सावली एकाच मंडपाची होती आणि तिच्यात फ्रँचायझीची माणसे बसली होती. मुली उन्हात, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन. वृंदाचे नाव शेवटी पुकारले. समोर फलंदाजीला महिला संघातली जुनी, उंच खेळाडू. वृंदाचा पहिला चेंडू तिने सरळ उचलून कुंपणाबाहेर, रस्त्यावर टाकला. रिक्षावाल्याने तो परत फेकला. मला वाटले, आता ही चेंडू जोरात टाकेल. घाबरलेला माणूस तसेच करतो. तिने दुसरा चेंडू पहिल्याहून हळू टाकला. तो हवेत इतका वेळ राहिला की त्या बाईंनी एक पाऊल पुढे टाकले, मग दुसरे टाकले, आणि चेंडू त्यांच्या बॅटखालून गेला. यष्टिरक्षक मुलीने बेल्स उडवल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचणीत वाजवत नाहीत. पुढच्या षटकात तिला दोन चौकार बसले. त्याच्या पुढच्यात एकही धाव नाही.

परांजपेबाईंनी तिला बोलावून विचारले ते मी ऐकले. "षटकार खाल्ल्यावर अजून हळू का टाकलास?"

"त्यांना परत मारावंसं वाटायला हवं ना, मॅडम."

बाईंनी मान हलवली. संध्याकाळी नावे सांगितली. वृंदाला मुंबईच्या शिबिरात जागा मिळाली. संघात नव्हे, शिबिरात. बस दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला महामार्गावरच्या हातखंब्याच्या नाक्यावरून मुलींना घेणार होती. पुरुष संघ खास विमानाने गेला असे नंतर ऐकले.

घरी शैलाने फणसाची भाजी आणि तांदळाची भाकरी केली होती. वृंदा एकच भाकरी खाऊन उठली. मी आणि दिलीप समोरासमोर बसून जेवलो. जेवणानंतर त्याने टेम्पो भरायला घेतला, कारण वाशीच्या बाजारात माल पहाटेच्या आत पोहोचवायचा होता. शेवटची पेटी चढवून तो पडवीशी आला आणि बराच वेळ टॉवेलने हात पुसत राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "तिथे शिबिरात पोरी असतील बाहेरगावच्या. वृंदाबरोबर डझनभर तरी..."

"दिलीप."

"नाही, म्हणजे विचारलं आपलं."

आतून वृंदाचे हसणे ऐकू आले. त्या दिवसातले पहिले. मी हसलो नाही. दिलीप टेम्पो घेऊन गेला. शैला बॅगेत लोणच्याची बरणी घालत होती आणि वृंदा ती काढून बाजूला ठेवत होती. दोघींचे ते किती वेळ चालले मला ठाऊक नाही. मेहरांना पाठवायच्या पत्राचे दोन मसुदे मी मनात तयार केले आणि दोन्ही टाकून दिले. टेम्पो पहाटेपर्यंत परतणार नव्हता, म्हणून गावातल्या इक्बाल रिक्षावाल्याला फोन केला, पावणेपाचला फाटकाशी यायला सांगितले, आणि हॉर्न वाजवू नकोस, मी बाहेरच उभा असेन, असे सांगून फोन ठेवला.